महादू जॉबरने पास केलेलं मशीन

भिवंडीत जुना लूम, म्हणजे यंत्रमाग, घ्यायचा असेल तर तो आधी महादूला दाखवायचा, अशी पंधरा वर्षं पद्धत होती. मुंबईतल्या गिरण्या बंद पडत गेल्या तसे त्यांचे लूम भंगार म्हणून आमच्याकडे येऊ लागले. ट्रकमधून शंभर उतरले तर चाळीस चालण्यासारखे निघत. ते चाळीस कोणते हे महादू सांगायचा. तो सांगेल ते मी आणि माझे तिघे हमाल उचलून कारखान्यात नेऊन बसवायचो. त्यामुळे त्याचं काम मी जवळून बघितलं आहे.

काम चोख होतं. आधी पट्टा काढून तो हाताने चाक फिरवायचा. मग कान सांगाड्याला लावून उकिडवा बसायचा. एका लूमला अर्धा दिवस. शेठ घाई करायला लागला की म्हणायचा, "तुम्ही पान खाऊन या. दोन खा."

त्याचे दोन नियम होते. पहिला असा की विकणारा ज्या लूमला नावं ठेवतो तो लूम नीट बघायचा. भंगारवाले चांगला माल मोठ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवत आणि लहान माणसाला सांगत, "त्याचा शाफ्ट गेलाय, तो घेऊ नका, तुम्हाला दुसरा देतो." महादूने अशा नावं ठेवलेल्या लूममधून कितीतरी सोनं काढलं. दुसरा नियम सगळ्या जॉबरांचा, म्हणजे लूम जुळवणाऱ्या मिस्त्र्यांचा होता. जॉबरने पास केलेल्या लूमवरचा पहिला कपडा त्याच्या घरी जायचा. कपडा वाईट निघाला तर त्याच्याच बायकोने तो नेसायचा, म्हणजे पुढच्या वेळी नीट बघेल. महादूची बायको गोदू नेहमी चांगलं लुगडं नेसायची.

मैना ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन खारबावला गेली होती. दुसऱ्या वर्षी पोटातलं मूल गेलं, आणि नंतर दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग आले. आधी तपकिरी, मग उन्हाने काळे. तिसऱ्या वर्षी नवऱ्याने तिला आणून घातली. दारात चपलाही न काढता तो महादूला म्हणाला, "मामा, हिचं थोबाड समोर असलं की जेवण जात न्हाय. तुमचं तुमच्याकडं ठेवा."

त्यानंतर ती रंगखान्यात लागली. काम गच्चीवर. रंगवलेल्या सुताच्या ओल्या लड्या बांबूवर टाकायच्या, तासातासाला फिरवायच्या, वाळल्या की उतरवायच्या. सकाळी नऊ ते चार. भोवती छपरांचे तापलेले पत्रे आणि डोक्यावर सूर्य. बायका पदराने तोंड बांधून काम करत, पण घामाने पदर ओला होई आणि दुपारनंतर कोणी बांधत नसे. चार वर्षांत मैनाचे वांग डोळ्यांपर्यंत चढले. गच्चीवरच्या बायका म्हणत, "मैने, काळ्या रंगाच्या हौदात वाकू नको, तुझी सावली पडून रंग डबल होतो." ती हसायची. हसल्याशिवाय तिथे दिवस जात नसे.

शहाण्णव साली चिंतामणी डॉक्टरांच्या मनात लेझर घ्यायचं आलं. त्यांचं घराणं ब्राह्मणआळीतलं, वडील शाळेत हेडमास्तर. दवाखाना कासारआळीत, पहिल्या मजल्यावर. भिवंडीत वांग, डाग, उन्हाने काळवंडलेली तोंडं याला तोटा नव्हता, आणि असं मशीन गावात कोणाकडे नव्हतं. डॉक्टरांनी मुंबईत आठ दिवस कुठलंसं शिक्षण घेतलं आणि ठाण्याला नौपाड्यात जुनं मशीन विकायला आहे असं ऐकून आले. मग त्यांनी महादूला बोलावलं.

"मिस्त्री, मशीन तुम्ही बघा. कातडीचं मी बघतो."

महादू म्हणाला, "डॉक्टर, मशीन म्हणजे मशीन. लोखंड खोटं बोलत न्हाय."

टेम्पो आणि उचलायला माणूस हवा म्हणून मी बरोबर गेलो.

नौपाड्याच्या डॉक्टरीणबाईंचं नाव विद्युल्लता. वय साठीचं, आवाज कोरडा. त्या दवाखाना बंद करून बहिणीकडे नागपूरला चालल्या होत्या. खोलीत दोन मशीनं होती. एक मोठं, जड, लाल उजेडाचं. दुसरं लहान, त्याचा उजेड डोळ्यांना दिसतच नसे.

बाई म्हणाल्या, "हे लहान घेऊन जा. लाल मी विकत नाहीये. ते सुट्या भागांसाठी कंपनीला देणार आहे."

डॉक्टरांनी विचारलं, "का बरं? बिघाड आहे?"

"मशीनमध्ये बिघाड नाही. घेताना माझं चुकलं. लाल उजेड काळ्या रंगावर तुटून पडतो. गोऱ्या माणसाच्या कातडीत काळा असतो तो फक्त डाग, तेवढाच जातो. आपल्याकडे डाग सावळा आणि कातडीही सावळी. उजेडाला थांबायचं कुठे ते कळत नाही. लहान मशीनचा उजेड खोल जातो, वरच्या रंगाला कमी धरतो. तेसुद्धा वांगावर जपूनच. एक ठिपका मारायचा, सहा आठवडे थांबायचं, मग ठरवायचं. आणि रोज उन्हात काम करणारा असेल तर त्याला हात लावायचा नाही. औषध द्यायचं, टोपी घालायला सांगायचं आणि घरी पाठवायचं."

इतकं स्पष्ट सांगितलं. मी दाराशी उभा होतो, मला सगळं समजलं. चौथी शिकलेल्या माणसाला समजेल असंच होतं ते.

महादूने दोन्ही मशीनं उघडली. बाईंनी दिलेले चष्मे आम्ही लावले. महादूने खिशातून पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा तुकडा काढला, एक धागा काळा, एक पांढरा. तो घरूनच घेऊन आला होता. लहान मशीनखाली धरला. टक्क आवाज झाला, कापडावर थोडा धूर आला. मग लाल मशीनखाली धरला. चाबकासारखा आवाज. महादूने तुकडा खिडकीशी नेला, डोळ्याला लावला आणि बराच वेळ बघत राहिला. काळा धागा जळून गेला होता. त्याला चिकटून असलेला पांढरा धागा जसाच्या तसा.

"लहानू, बघ," तो हळूच म्हणाला. "काळं वळखतं. आयला, धागा धागा वळखतं."

तीस वर्षं धाग्यावर नजर ठेवलेल्या माणसाला याहून मोठं काय दाखवणार?

जिन्यात त्याने डॉक्टरांना थांबवलं. "लाल घ्या."

"पण बाई तर नको म्हणतात."

"म्हणूनच सांगतो. विकणारा नावं ठेवतो आणि वर इकणार न्हाय म्हनतो, तो माल कुनासाठी राखलेला असतो? नागपूरला न्यायचा असंल तिला."

"अहो, त्या डॉक्टर आहेत, भंगारवाल्या नाहीत."

"इकायला बसला की समदे भंगारवाले."

डॉक्टर हसले. ते हसले तिथेच ठरलं. बाईंना पुन्हा पुन्हा विनवून त्यांनी लालच मागितलं. शेवटी बाई थकल्या. "तुमची मर्जी," म्हणाल्या. "पुस्तिका नीट वाचा. लाल शाईने खुणा केल्यात." पुस्तिका डॉक्टरांनी बॅगेत घातली. पुढे ती मला त्यांच्या टेबलाच्या पायाखाली दिसली, टेबल डुगडुगत होतं म्हणून.

मशीन कासारआळीच्या जिन्याने चढवायला आम्हाला अडीच तास लागले. कुठे खरचटू दिलं नाही. महादूने वेगळी अर्थिंग टाकली. भिवंडीची वीज दिवसातून दहा वेळा खाली-वर व्हायची, म्हणून त्याने स्टॅबिलायझर बसवला. थंड पाण्याची नळी बदलली. तीन दिवस तो जेवायलासुद्धा घरी गेला नाही. इतक्या मेहनतीने बसवलेलं मशीन मी दुसरं पाहिलं नाही. त्यातला अर्धा तास जरी त्याने पोरीच्या तोंडाकडे बघायला दिला असता तर!

कारण पहिला नमुना कोणाचा हे त्याने ठरवून टाकलं होतं.

"डॉक्टर, मशीन मी पास केलंय. पैला नमुना माझ्या घरचा."

डॉक्टरांना बरंच वाटलं. पहिलं तोंड द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. ते म्हणाले, "मैनाचा चेहरा साफ झाला की तिला इथेच दाराशी टेबलावर बसवतो. नावं लिहायची, नंबर पुकारायचा. पंख्याखाली काम. पण आधी साफ व्हायला हवं. वांगाची बाई दारात बसली तर पेशंट आत कशाला येईल?"

मैनाला ही बातमी महादूने माझ्यासमोर दिली. ती चुलीपाशी बसली होती. उठून उभी राहिली.

"बसून काम?"

"बसून. खुर्ची हाय."

"आणि ऊन?"

"ऊन कुठलं! पंखा हाय."

ती भांड्यांच्या फळीवरच्या आरशात बघून आली. मग विचारलं, "बाबा, भाजंल का?"

"भाजायला काय भाकर हाय? काळं तेवढं उचलतंय. मी धाग्यावर बघितलंय."

गोदू म्हणाली, "धाग्याला दुखतंय का खुपतंय, कोन सांगनार?"

"तू गप. तुला यातलं काय कळतंय?"

मी तिथे होतो. नौपाड्याच्या बाईंनी काय सांगितलं ते मला तोंडपाठ होतं. मी चहा संपवला आणि घरी गेलो.

डॉक्टरांनी मैनाच्या कानामागे एक ठिपका मारला. चार दिवसांनी बघितला, ठीक होता. कानामागे तिच्या जन्मात ऊन पडलं नव्हतं. सहा आठवड्यांचा विषय डॉक्टरांनी एकदा काढला. महादू म्हणाला, "लूमवर नमुना निघाला की त्याच दिवशी ताण्याचा बीम चढतो, पुरं काम चालू." दवाखान्याचा लेझरचा बोर्ड रंगवून झाला होता. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन होतं.

उद्घाटनाच्या सकाळी मैनाला टेबलावर निजवली. डोळ्यांवर झाकणं लावली. डोकं हलू नये म्हणून धरायला माणूस हवा होता. डॉक्टर म्हणाले, "लहानू, तुमचा हात भक्कम आहे."

मी डोकं धरलं.

एक एक फटका बसायचा. केस जळल्याचा वास येत होता. प्रत्येक फटक्याला तिचं पूर्ण अंग ताठ व्हायचं, पण डोकं हललं नाही. मी हलू दिलं नाही. दोन्ही गाल आणि कपाळ, पाऊण तास. जिथे फटका बसे तिथली कातडी लगेच पांढरी होई. महादू वाकून बघत होता, आनंदाने त्याचा श्वास जोरात चालला होता.

"उडालं! डॉक्टर, काळं उडालं. मैने, तुझं काळं गेलं बघ!"

झाकणांखालून ती म्हणाली, "बाबा, दुखतंय."

"दुखनारच. काम चालू हाय."

संध्याकाळपर्यंत तो पांढरेपणा गेला आणि फोड आले. मग खपल्या धरल्या. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, तीन महिने उन्हात जायचं नाही. रंगखान्याचा मालक तीन महिने कोणाची जागा राखणार? नवव्या दिवशी महादूच म्हणाला, "तोंडाला पदर बांध आणि जा." ती गेली. वैशाख होता.

खपल्या पडल्या तिथे काही जागी कातडी कोळशासारखी काळी झाली आणि काही जागी रंगच उरला नाही. डॉक्टरांनी दाराच्या टेबलावर आपली भाची सुचेता बसवली. "तात्पुरती बसवलीय," असं महादूला म्हणाले.

इथे महादूने थांबायला हवं होतं. पण तो जॉबर होता, त्याने पास केलेला लूम कधी परत गेला नव्हता. चहाच्या दुकानात शेठ लोक चिमटे काढायला लागले. "काय महादू, ह्या वेळी लुगडं कसं निघालं?" "पक्का रंग हाय का? धुतल्यावर जातो?" महादू उठून जायचा. तीन दिवस तो मशीनपाशी बसला, भिंग लावून बघितलं, कान लावला. मशीन घड्याळासारखं चालत होतं. मग त्याने डॉक्टरांना सांगितलं, "मशीन बराबर हाय. जोर कमी पडला. खालचं काळं राहिलं, ते वर आलं."

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, मला हे बरोबर वाटत नाही."

"मग बोर्ड कशाला लावलाय? पुसून टाका."

डॉक्टरांनी बोर्डाकडे बघितलं. त्यावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात होतं.

ऑगस्टात मैनाला पुन्हा निजवली. या वेळी ती आली नव्हती, आणली होती. गोदू दारापर्यंत मागे मागे आली, महादूने तिला जिन्याखालीच उभी केली. मी पुन्हा डोकं धरलं. मैना मला म्हणाली, "काका, जरा सैल धरा." मी म्हणालो, "सैल धरलं तर डोळ्यावर जाईल." ते खरं होतं. मी घट्ट धरलं.

दुसऱ्या खेपेनंतर जे तोंड तयार झालं ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. पांढरे गोल ठिपके, एकाला एक लागून, आणि मधल्या सगळ्या जागेत काळं. ठिपक्यांची मापं सारखी होती. मशीनने काम अचूक केलं होतं. गच्चीवरच्या बायकांनी पहिल्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हणाली, "मैने, असं छापाचं पातळ कुठं मिळालं? मला बी एक आन." सगळ्या हसल्या. या वेळी मैना हसली नाही.

डॉक्टरांनी मशीनवर चादर टाकली आणि पूर्वीसारखी सर्दी-खोकल्याची इंजेक्शनं देऊ लागले. बोर्डावरची एक ओळ रंगवून बुजवली. महादूला ते रस्त्यात दिसले की हात जोडायचे आणि पुढे जायचे. महादूने मशीनला कधीच दोष दिला नाही. म्हणायचा, "पोरीची कातडीच हलकी निघाली."

दिवाळीनंतर मैना माझ्या घरी आली. दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"लहानूकाका, ठाण्याला तुमी व्हता ना?"

"होतो."

"ती बाई काय बोलली व्हती? आई म्हणते, बाबा झोपेत बडबडतात. बाईने सांगितलं व्हतं, म्हणतात."

मी तिला सगळं सांगितलं. लाल उजेड, सावळी कातडी, सहा आठवडे, उन्हातल्या माणसाला हात लावू नका. काही गाळलं नाही. सांगायला पाच मिनिटं लागली. हीच पाच मिनिटं एप्रिलमध्येही माझ्याकडे होती.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि तुमी डोकं धरलंत."

"धरलं."

"दोन्ही वेळा."

मी मान हलवली. ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती पंढरीनाथ शेठच्या कारखान्यात गेली. महादू तिथेच जॉबर होता. तिने शेठकडे कांडीचं काम मागितलं. लूमच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायचं काम, बायकाच करतात. बसून, छपराखाली, ट्यूबच्या उजेडात. ही जागा कारखान्यात कायम कोणाची तरी रिकामी असे. खारबावहून परत आली त्याच वर्षी तिने ती मागितली होती, तेव्हा महादूने तिला उडवून लावलं होतं, "जॉबरची पोर त्याच्याच कारखान्यात कांडीवर बसनार न्हाय. लोक काय म्हनतील?" म्हणून ती रंगखान्याच्या गच्चीवर गेली होती. हे मला गोदूने नंतर सांगितलं.

शेठने महादूकडे बघितलं. महादू लूमखाली वाकला. शेठ म्हणाला, "बस उद्यापासून."

कांडीचं मशीन महादूच्या ओळीच्या तोंडाशी होतं. भरलेल्या कांड्यांची पेटी न्यायला जॉबरला तिच्यासमोर यावंच लागे, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. पहिल्याच दिवशी तिने पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचला. ट्यूब बरोबर तिच्या वर होती. ती तोंड वर करून पेटी पुढे सरकवायची आणि महादू पेटी घेईपर्यंत तशीच बघत राहायची. बोलायची नाही. घरीही बोलत नव्हती. महादू मान खाली घालून पेटी उचलायचा. पुढे पुढे तो दुसऱ्याला पाठवायला लागला, तेव्हा ती पेटी धरून ठेवायची, सोडायची नाही. कांड्यांवाचून लूम बंद उभे राहू लागले. शेठ ओरडला. महादूलाच यावं लागलं.

जुने लूम बघायला त्याला आता कोणी नेत नव्हतं. न्यायला आलेल्यालाही आधी ओळीच्या तोंडाशी मैना दिसायचीच.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी त्या कारखान्यात एक बीम बसवायला गेलो होतो. दुपारची वेळ. चोवीस लूम चालू. आत शिरलं की छातीत धडधड होते, शेजारी उभ्या माणसाची हाक ऐकू येत नाही. महादू पेटी घ्यायला आला. पण त्याने पेटी उचलली नाही. दोन्ही हात मैनाच्या मशीनवर टेकून तो वाकला आणि पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. लूमकडे बघायचा तसं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्याचे ओठ हलले. मी दहा हातांवर होतो. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. "मैने, माझं चुकलं. बाईने सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाय."

मैनाने कानाला हात लावला आणि बोट हलवलं. ऐकू येत नाही.

त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी ओरडून, मानेच्या शिरा फुगल्या. तिने पुन्हा बोट हलवलं आणि पेटी पुढे सरकवली. तिसऱ्यांदा तो बोलला नाही. पेटी उचलून ओळीत गेला. त्यानंतर तो चार वर्षं त्या कारखान्यात होता, पण तिच्याशी पुन्हा बोलल्याचं मी कधी पाहिलं नाही.

लूमवर काम करणाऱ्याला समोरच्याचे ओठ वाचता येतात. त्याशिवाय तिथे काम होत नाही. महिन्याभरात येतं. मैनाला तिथे तेव्हा दीड वर्ष झालं होतं.